बांधातला डबा

जिओकॅशिंगचं खूळ ऐकलंय ना? डबा लपवायचा, जागा ॲपवर टाकायची आणि लोकांनी तो शोधत फिरायचं. आमच्या समीरने वडखळजवळ खाडीच्या बांधात डबा खुपसला. खेकड्याचं बीळ आयतंच होतं, ते यानं हातानं आणखी रुंद केलं.

उधाणाच्या दिवशी चहा पिताना मी त्याला म्हटलं, "अरे, त्या बिळातून पाणी शिरून बांध फुटला तर? अख्ख्या गावाची शेती खारी होईल!"

चहा टाकून पळालोच आम्ही. बांधावर सगळा गाव चिखल थापत होता. शेतात मात्र खारं पाणी कुठंच नव्हतं. समीर एका काकूंपुढे हात जोडून म्हणाला, "काकू, इथं माझा डबा होता. काढून नेतो."

"हात तर लाव! बीळ काय बुजत नव्हतं, तर तोच ठोकून बसवलाय. आता एक थेंब येत नाय!"

समीर चिखलातच फतकल मारून बसला आणि हसत सुटला.

आता ॲपवर त्यानं लिहिलंय, "डबा दिसला की फोटो काढा. ओढू नका. मागे खाडी आहे आणि पुढे काकू."