सोमवारची बॅच

हसू नका, पण नोकरी गेल्यावर बायकोला ते सांगायच्या ऐवजी मी धायरीच्या पुढे, माळावर मोटरसायकल शिकायला गेलो. दगडधोंड्यांतून, चिखलातून गाडी चालवायचा तो क्लास. नाव शनिवारच्या बॅचला घातलं होतं, ते सोमवारला बदलून घेतलं. डबा घेतला, लॅपटॉपची बॅग अडकवली आणि ऑफिसला जातो म्हणून निघालो. म्हटलं, कामाच्या दिवशी तिथे ओळखीचं कोण भेटणार?

पहिला धडा म्हणजे आडवी पडलेली गाडी उभी करायची. ते जमल्याशिवाय चालवायला मिळत नाही. शिकवणारा गावातलाच. म्हणाला, "गाडीला पाठ लावा अन् पायानं रेटा. ते बघा, एक साहेब सकाळधरनं झटतायत."

बघतो तर गोडबोले सर! महिन्यापूर्वी यांनीच मला केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून घेतला होता. आता गाडीला पाठ लावून चिखलात बसले होते. शेजारी डबा आणि लॅपटॉपची बॅग.

"सर, तुम्ही?"

"शुक्रवारी मलाही काढलं." मग हळूच म्हणाले, "घरी सांगितलंस?"

"नाही. तुम्ही?"

त्यांनी डब्याकडे बघितलं. "हिने शिरा दिलाय. तिला वाटतंय, आज माझ्या प्रमोशनची मीटिंग आहे."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि गाडीला पाठ लावली.

तेवढ्यात शिकवणारा लांबून ओरडला, "ओ साहेब, दोघांनी न्हाय! ज्याची त्यानं उचलायची हाय."