सुरयांची घरटी आणि रावसाहेबांची दुर्बीण

माननीय अध्यक्ष नवल पाटील, आजचे सत्कारमूर्ती मामलेदार रावसाहेब आठल्ये, कचेरीतली मंडळी, आणि यात्रा परवा उठली तरी केवळ रावसाहेबांसाठी सारंगखेड्यात थांबलेल्या सज्जनहो,

निरोपाच्या भाषणात खरे बोलू नये असा शिष्टाचार आहे. या शाळेचा हेडमास्तर या नात्याने तो मी शक्य तितका वेळ पाळीन.

रावसाहेब तीन वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावरून इथे आले. तिथे त्यांनी बारा महिने समुद्रपक्षी पाहिले होते. समुद्र मागे राहिला, दुर्बीण सोबत आली. पहिल्याच दिवशी तापीकाठी उभे राहून त्यांनी नाववाल्या गोवालला विचारले, "भरती केव्हा येते रे?" गोवाल म्हणाला, "सायब, आखाडमा येस, कुवारमा जास." आषाढ ते आश्विन! एवढी लांब भरती रावसाहेबांनीही कधी पाहिली नव्हती.

पुढे तालुक्याला पक्ष्यांचे वेड लागले. का लागू नये? अर्जदाराने आधी पक्षी सांगितला की अर्ज लवकर निघे. हिवाळ्यात चक्रवाक, उन्हाळ्यात बगळे. आमच्या तलाठ्यांनी तर भर वैशाखात चक्रवाक दाखवले. (तलाठीअप्पा, बसा, बसा. नाव कुठे घेतले?)

आता सुरयांची गोष्ट. पिवळ्या चोचीचा हा पक्षी चैत्रात नदीच्या उघड्या वाळूवर अंडी घालतो. त्याच वाळूत आमच्या तापीबाई आणि इतर वीस घरे टरबुजांच्या वाड्या लावत. वाडीत अंडे दिसले की त्याभोवती बाभळीच्या काट्या रोवायच्या, वेल दुसरीकडे वळवायचा, आणि तेवढी वाळू पक्ष्याला सोडून द्यायची, ही इथली जुनी रीत. अंड्यावर पाय पडला तर तापी नदी वाडी वाहून नेते, असे मानतात.

रावसाहेबांनी दुर्बिणीतून काट्या पाहिल्या आणि ठरवले की हे पक्षी धरण्याचे फास आहेत. हुकूम सुटला: पौष ते ज्येष्ठ वाळूत कोणी पाऊल ठेवू नये. पक्ष्यांबद्दलची ही माया मला मनापासून आवडली. पण काठावर येऊन एकदा विचारले असते तर? दुर्बिणीने लांबचे जवळ दिसते; शेजारी उभी असलेली बाई तिच्यातून दिसत नाही, त्याला रावसाहेब काय करणार!

रावसाहेबांची नोंदवही मी स्वतः वाचली आहे. हुकमाआधी त्रेचाळीस घरटी. हुकमानंतर पहिल्या वर्षी सात. यंदा एकही नाही. पुढे सुंदर अक्षरात लिहिले आहे, "कारण अज्ञात."

मी तापीबाईंना कारण विचारले. त्या आता दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जातात. म्हणाल्या, "मास्तर, आम्ही व्हतूत तवय वाळूमा कुत्रा येत नव्हतात. आते त्यास्ले कोन हाकली, सायबनी दुर्बीण का?"

हसू नका, मंडळी. मला ते ऐकून फार वाईट वाटले. दोन वर्षे मीही गप्पच होतो, आणि माझ्या शाळेचे कौल त्याच काळात मंजूर झाले.

रावसाहेब उद्या जातील. नवे साहेब येऊन जुना हुकूम वाचतील, तोवर पौष सरेल आणि वाड्यांची लावणी हुकेल. म्हणून सत्काराच्या ताटात शाल आणि नारळ यांच्याखाली एक कागद ठेवला आहे. हुकूम मागे घेतल्याचा. खाली फक्त सहीची जागा मोकळी आहे. दौत-टाक नारळाच्या डाव्या बाजूला आहे. रावसाहेबांनी आत्ता शाल उचलून पाहिली, ते आम्हा सर्वांना दुर्बिणीवाचून दिसले.

अध्यक्षांनी बोलू दिले, आपण ऐकून घेतले, त्याबद्दल मी आभारी आहे. मास्तराची जीभ सैल सुटली असेल, तर रावसाहेबांनी मोठ्या मनाने पोटात घालावे. पण सही झाल्याशिवाय हार घालू नये, एवढी अध्यक्षांना विनंती. तापीबाई तिकडे दाराशी बसल्या आहेत. टरबुजाचे बी त्यांनी चार दिवसांपूर्वी भिजवून फडक्यात बांधले आहे, आणि आज सकाळीच त्याला मोड आले आहेत.