माझं रक्त साफ, ताट वेगळं

माझं माहेर हसनाबादचं, दिलं टेंभुर्णीत. आम्ही तिघी बहिणी, दहावी झाली की लगीन, दुसरं काय. नवरा वेल्डिंगच्या दुकानात जातो, सोभावानं गरीब, पण तोंडाला जीभ बिलकुल न्हाई. काय सांगू तुम्हाला, त्याचा ताप हटंना म्हणून जालन्याला नेला तं एचआयव्ही निघालं. माझं रक्त साफ. डॉक्टरीणबाई म्हणली, त्याच्या गोळ्या त्यानं घेयाच्या, अन् तुला लागू नये म्हणून तू ही एक गोळी रोज घेयाची, दिवस गेले तरी सोडायची न्हाई, तू वाचली तं लेकरू वाचलं. नवरा पाया पडला, घरात कुणाला सांगू नको. न्हाई सांगितलं. त्याच्या गोळ्या तो दुकानातच ठेवायचा.

मंग दिवस गेले. आमच्याकडं बाया म्हणतात गोळ्या गरम पडतात, लेकरू काळं निपजतं, दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या गोळ्या बी उकिरड्यावर टाकतात. सासूला मी आत्या म्हणते, त्यांनी माझी गोळ्यांची डबी गव्हाच्या कोठीतून हुडकली अन् चुलीत घातली. मायेनंच हो! दूध पी म्हणल्या, गोळ्या कशाला. मी दुसरी डबी आणली तं नर्सबाई माझ्यावरच खेकसली, गोळ्या सांभाळता येत न्हाईत का. ती बी चुलीत गेली तवा माझं डोकंच फिरलं. म्हणलं, आत्या, ही बंद झाली तं तुमच्या लेकाचं दुखणं मला लागंल, माझ्यापासून बाळाला.

आत्या मंग म्हणतात कशा, गोळी तू खाती अन् दुखणं माझ्या पोराला? तुझंच असंल. नवरा समोर जेवत होता. म्हणलं, सांगा ना हो, बोला की. त्यानं भाकर कुस्करली अन् मान खाली घातली. त्याच दिवशी माझं ताट वेगळं झालं. आता ताटानं का दुखणं लागतं? पण ऐकतो कोण. सातव्यात ओटी भरायची ठरल्ती, ती बी मोडली.

आता नववा लागलाय. परवा पुन्हा रक्त पाह्यलं, साफ हाये. ज्याला दुखणं हाये तो आईजवळ बसून जेवतो अन् मी न्हाणीपाशी एकटी, अशी चीड येती की बस. पण तिसरी डबी आणली, ती आता लपवत न्हाई, सगळ्यांच्या देखत गोळी गिळते. आत्या तोंड फिरवतात, फिरवू द्या. लेकरू धडधाकट आलं की पहिल्यांदा त्यांच्याच मांडीवर देणार हाये. घेतात का न्हाई, पाहू.