फुगा अजून भरा

डॉक्टर : पोटातल्या फुग्यात पाचशे मिलिलीटर झाली. आता आकडा सांगा. शून्य म्हणजे पोट रिकामं, दहा म्हणजे अजिबात सहन होत नाही.

मेकॅनिक : पाच.

डॉक्टर : मागच्या वेळीही पाचच म्हणालात. मधे फुग्यात शंभर मिलिलीटर हवा गेलीय.

मेकॅनिक : मग माझं पोट दणकट आहे. सतरा वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दुरुस्त्या करतोय. एवढ्याशा फुग्याचं काय घेऊन बसलात? भरा पुढे.

डॉक्टर : कमी बोला, नळी घशाला घासेल. आधी रक्त घेते... झालं. तुमच्या कपाळावर घाम आहे.

मेकॅनिक : खोली गरम आहे.

डॉक्टर : मी स्वेटर घालून बसलेय. नाडी एकशे अठरा. मूठ उघडा बघू. चादर अशी आवळून धरलीत, आणि म्हणे पाच!

मेकॅनिक : अजून शंभर. फक्त शंभर भरा.

डॉक्टर : नाही. प्रयोगाला तुम्ही आपणहून आलात म्हणून काय जिवाशी खेळायचं? फुगा रिकामा करतेय.

मेकॅनिक : थांबा! हात लावू नका त्या मशीनला. मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर : माझा हात सोडा.

मेकॅनिक : ऐका तरी...

डॉक्टर : हात सोडा. आत्ता.

मेकॅनिक : सोडला. चुकलं माझं.

(यंत्रातून हवा सुटल्याचा लांब फुसकारा.)

डॉक्टर : मोठा श्वास घ्या. नळी काढतेय... निघाली. आता खरं बोला. काय कळायचं होतं?

मेकॅनिक : घास खरंच जात नाही, की माणूस ढोंग करतो.

डॉक्टर : कोण करतंय ढोंग?

मेकॅनिक : बायको. गाठ होती, म्हणून वर्षापूर्वी तिच्या जठराचा मोठा भाग काढला. गाठ गेली. सगळे म्हणाले, सुटलात. पण दोन घास खाल्ले की ताट सरकवते. म्हणे पोट भरलं. चौदा किलो उतरलीय, डॉक्टर. आज सकाळी मी तिची हनुवटी धरली आणि तिसरा घास कोंबला.

डॉक्टर : मग?

मेकॅनिक : ओकली. माझ्या शर्टावर. आणि वर मलाच सॉरी म्हणाली.

डॉक्टर : तुमचा खरा आकडा किती होता?

मेकॅनिक : नऊ. चारशेलाच आठ झाला होता.

डॉक्टर : पोटाची भिंत ताणली की नसा मेंदूला कळवतात, आता बास. तुम्हाला जे जाणवलं ते हेच. नुसत्या ताणाने रक्तातलं भुकेचं हार्मोन उतरतं का, हे आम्ही बघतोय. माझा अंदाज, फारसं नाही. त्यासाठी अन्न आतड्यात पोचावं लागतं.

मेकॅनिक : मग तिचं काय होतं?

डॉक्टर : उरलेलं जठर एवढंसं, दोन घासांतच ताणलं जातं. शिवाय अन्न तिथे टिकत नाही, भसकन आतड्यात उतरतं. मग 'पोट भरलं' सांगणारी हार्मोन्स आतडं एकदम भरमसाट सोडतं. आणि भुकेचं हार्मोन बनवणारा भाग बराचसा ऑपरेशनमध्येच गेला असणार. त्यांना भूकच लागत नसेल.

मेकॅनिक : हे मला कुणी सांगितलंच नाही.

डॉक्टर : त्यांनी सांगितलं होतं.

मेकॅनिक : हो. रोज म्हणते, पोट भरलं.

डॉक्टर : थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा द्या. आणि वजन एवढं उतरलंय तर याच आठवड्यात त्यांच्या सर्जनकडे न्या. उशीर नको. बरं, तुमची आजची मापं मला टाकून द्यावी लागणार.

मेकॅनिक : टाका. जरा फोन लावून देता? बायकोला.

डॉक्टर : स्पीकरवर ठेवलाय. बोला.

बायको : हॅलो? झालं का तुमचं? अहो, आवाज किती घोगरा येतोय!

मेकॅनिक : घशात नळी होती. अगं... जेवलीस?

बायको : हो. तीन घास. खरंच तीन, शप्पथ.

मेकॅनिक : मोजू नकोस गं. जाईल तेवढंच खा. यापुढे तू जेवताना मी बाहेर बसत जाईन.

बायको : बाहेर कशाला? समोरच बसा. फक्त माझ्या ताटाकडे बघू नका.