हिरवा दोरा

—नको, मॅडम, फांदीला हात नको! तो केसांचा चिमटा आधी तुमच्या केसांत घाला बघू. हो हो, ऐकलं मी, एकच मिनिट फांदी बाजूला अडकवणार, फोटो काढणार, परत सोडून देणार — सगळे हेच म्हणतात. या, इथं बाकावर बसा. उभ्या राहिलात तर ती पाखरं घरट्याकडे यायची नाहीत. चष्मेवालेच आहेत, बरोबर ओळखलंत, डोळ्याभोवती पांढरं कडं, एवढासा जीव. घरटं त्या झुडपात आहे, तुम्ही बघितलं, मी बघितलं, आता आपण दोघांनी ते विसरून जायचं. — मी? मी इथला कोणी नाही हो. वॉचमन पण नाही. नरसिंगराव माझं नाव, इथल्या, बेंगळुरातल्या शिवाजीनगरात आमचा फोटो स्टुडिओ आहे, आजोबांनी काढलेला. मराठी कसं येतं म्हणजे? चार पिढ्या झाल्या इथं, घरात मराठीच आमचं. स्वल्प कन्नड मिसळतं, तेवढं सांभाळून घ्या. तुम्ही? निधी. पुण्याच्या. एचएसआर लेआउटला राहता आणि रविवारी कॅमेरा घेऊन एवढ्या लांब येता. सरी, सरी, बरं आहे. शौक आहे म्हणायचा.

मलाही होता. आहे. म्हणजे — बघा, या कब्बन पार्कात मी चाळीस वर्षं फोटो काढले. पण पाखरांचे नाही, माणसांचे. लग्न झालेलं जोडपं आलं की आधी राणीच्या पुतळ्यापुढं, मग लाल लायब्ररीपुढं, मग बांबूच्या बनात, तिथं नवऱ्यानं बायकोचा हात धरायचा — धरा म्हणून मलाच सांगावं लागायचं, लाजायचे लोक. त्या लाल भिंतीवर कुठल्या महिन्यात किती वाजता ऊन येतं, मला झोपेतून उठवून विचारा. मग हे फोन आले. आता लोक पुतळ्यापुढं स्वतःच स्वतःचा फोटो काढतात आणि मला म्हणतात, अंकल, थोडं बाजूला व्हा, तुम्ही मध्ये येताय. मी बाजूला झालो. स्टुडिओत पासपोर्ट फोटो तेवढे उरले. मग आमच्या सुधींद्रानं, मुलानं, माझ्या साठीला मोठी लेन्स आणून दिली — पप्पा, आता पाखरं काढा, ती तुम्हाला बाजूला व्हा म्हणणार नाहीत. काढायला लागलो. घारी काढल्या, खारी काढल्या, तांबट काढला. फोनवरच्या ग्रुपात टाकायचो, तीन माणसं अंगठा दाखवायची. त्यातला एक सुधींद्रच. कालची पोरं येतात, एक घुबड काढतात आणि त्यांना दोनशे-दोनशे लोक वा वा म्हणतात. मला काय वाटत असेल? जळायचो मी. खोटं कशाला बोलू.

काय? कसला फोटो पाहिजे, दाखवा की. थांबा, चष्मा... हां. हा तुम्हाला कुठं मिळाला? ग्रुपवर. अजून फिरतोय होय. दोन वर्षं झाली त्याला. खाली काय लिहिलंय? ‘आईची माया’. ते मी नाही लिहिलं, ते कोणी नंतर चिकटवलं. — वाचा ना, कोपऱ्यात नाव आहे. एन. राव. हो, मीच. अहो, हात कसले जोडताय, नका जोडू, खरंच नका. चांगला आलाय, मी कुठं नाही म्हणतो? मादी घरट्याच्या काठावर उभी, दोन्ही पंख पसरलेले, पंखांतून ऊन झिरपतंय, पिसं न् पिसं मोजून घ्या, आणि खाली तीन चोची उघड्या. असा फोटो जन्मात एकदा येतो. प्रदर्शनात लावला होता, लोक समोर उभं राहून डोळे पुसत होते. सरस्वती, आमची बायको, तिनं देवघराशेजारी लावलाय. रोज आंघोळ करून हात जोडायला गेलो की तो समोर. मी डोळे मिटूनच नमस्कार करतो.

तुम्हाला असाच काढायचाय. म्हणून चिमटा. — मग ऐका आता. पाखरू पंख कधी पसरतं? उडताना, बरोबर. भांडताना, बरोबर. आणि घरट्यावर उभं राहून, न हलता, तासभर कशाला पसरेल? माया म्हणून? नाही हो. सावली करायला. पिल्लांच्या अंगावर पीस नाही, वर एप्रिलचं ऊन — ती छत्री धरून उभी आहे. आणि ऊन कुठून आलं? चष्मेवाला काय उघड्यावर घर बांधतो? वर पानांची दाट फांदी बघूनच जागा धरतो. ती फांदी कुठं गेली तुमच्या या फोटोत? — दिसत नाही ना. दिसणार नाही. हिरव्या दोऱ्यानं मागं बांधली होती. ब्लाऊज शिवायचा दोरा, सरस्वतीच्या डब्यातला, मुद्दाम हिरवा घेतला, पानांत मिसळून जातो म्हणून. तेव्हा सगळेच करायचे हो. बांधायचं, काढायचं, सोडायचं, पाच मिनिटांचं काम. मी सोडायला विसरलो. माणूस विसरतो. साठी उलटलेला माणूस, त्यात एवढा फोटो हाताला लागलेला — विसरला.

...

नाही. विसरलो नाही. तुम्ही अशा बघू नका माझ्याकडं, सांगतो. सकाळी आठला बांधली. सकाळी ती गप पिल्लांवर बसून होती, त्यात काय फोटो? अकराला ऊन फिरलं आणि तिनं पंख उघडले. मला वाटलं, देवच पावला. काढत सुटलो. पण मान खाली येई, ऊन जरा तिरपं पाहिजे होतं. म्हटलं थांबू. बारा झाले, एक झाला. तिची चोच उघडी, गळा धडधड हलतोय. लेन्समधून सगळं दिसतं की, निधीताई, आपल्याला दिसतं तेवढं कोणालाच दिसत नाही. मी सावलीत बसलो होतो, या इथंच. बाटलीतलं पाणी प्यालो. मला तेव्हाच कळलं होतं ती काय करतेय. कळलं होतं आणि मी थांबलो. दीडला ऊन पाहिजे तसं आलं, हा फोटो तेव्हाचा. आणि तरी दोरा सोडला नाही, कारण म्हटलं, उद्या परत येऊ, उद्या अजून चांगला मिळेल. फांदी परत बांधायला नको, पाखरू बिचकेल — हे पण म्हटलं मनात. त्याच्याच भल्याचं केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर मादी नव्हती. तिन्ही पिल्लं घरट्यात. मुंग्या लागल्या होत्या. दोरा सोडला, खिशात घातला. लाज वाटते हो सांगायला, पहिला विचार काय आला माहीत आहे? फोटो काल काढला ते बरं झालं.

आणि एवढ्यावर संपलं असतं तरी मी आज इथं तुमच्याशी बोलत बसलो नसतो. ती बघा, तिकडं पिवळी साडी, वर खाकी शर्ट, डोक्याला फडकं — अंबुबाई. इथली माळीण. हळू बोला, तिला मराठी कळतं, आमच्यातलीच आहे. त्या दिवशी मी दोरा खिशात घालतो न घालतो तोच ती मागून आली. घरट्यात बघितलं. तोंडात पदराचा बोळा घातला आणि खालीच बसली. मला कळेना, हिला एवढं काय झालं. तर म्हणाली, अण्णा, परवा हे कुंपण मी कातरलं. माझ्याच कातरीनं त्यांची सावली गेली. अहो, तिनं कातरलं होतं ते रस्त्याच्या बाजूचं, चार पावलं लांब, घरट्याला त्याचा काही संबंध नाही. एक वाक्य बोलायचं होतं मला. दोरा खिशात, बोटांत धरलेला. आणि मी काय बोललो? म्हणालो, असू दे अक्का, तू काय मुद्दाम केलंस का.

माफ केलं मी तिला. कळतंय का तुम्हाला? मी तिला माफ केलं.

त्या दिवसापासून ती डोक्यात फूल माळत नाही. दिवसभर फुलांत असते, पण एक फूल डोक्यात नाही. तिच्या लेकीचं पहिलं मूल सातव्या महिन्यातच पोटात गेलं तेव्हा बसस्टॉपवर मला म्हणाली, ती तीन पिल्लं लागली आम्हाला, अण्णा. आणि मी — त्या दिवशी तरी सांगावं की नाही? ओठापर्यंत आलं होतं. बस आली, मी बसमध्ये चढलो. आता काय करते, तर कुठल्याही झुडपाला कातर लावायच्या आधी मला बोलावते. फोटोअण्णा, तुमची नजर बारीक, बघून सांगा, आत कोणी नाही ना. साऱ्या पार्कात तिला माझाच भरवसा आहे. म्हणून येतो रोज. कॅमेरा आणत नाही, बघा, हात मोकळे आहेत. लोकांना वाटतं पाखरांची राखण करतो म्हातारा.

सांगणार आहे मी तिला. नाही, खरंच. आजच सांगावं असं सकाळी निघतानाच — दोरा पण आणलाय, हा काय, पाकिटात आहे, दाखवला की तिला जास्त विचारावं लागणार नाही... अरे, आलीच ती. ठेवा, ठेवा तो फोन आत, फोटो दिसायला नको तिला.

—काय अक्का? नाही, काही नाही, या पुण्याच्या मॅडम, त्यांना उन्हाचं सांगत होतो, फोटोला ऊन कसं पाहिजे ते. — कुठलं, हे मागचं? थांब, बघतो. हं... इथं नाही... इथंही नाही. फक्त या पुढच्या झुडपाला हात लावू नकोस, यात आहे घरटं. — नाही अक्का. नाही होणार मागच्यासारखं. मी बघितलंय ना नीट. काप तू.

तुम्ही अजून बसलातच होय, मॅडम? जावा की. ऊन वर आलं.