हायड्रोजनच्या शेडनंतर

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, प्रयोगशाळेतले आणि प्लांटमधले माझे सहकारी, आणि ज्यांच्या निवृत्तीसाठी हे सभागृह भरलं आहे त्या आमच्या मॅडम,

मॅडमविषयी चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. नात्यानं त्या माझ्या वहिनी. इतकी वर्षं कामावर तसं कधी म्हटलं नाही, आज म्हणतो.

नव्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. औषधासाठीचा जो पदार्थ आज आपण कोमट पाण्यात तयार करतो, तो पूर्वी एका शेडमध्ये हायड्रोजन वायूच्या दाबाखाली, धातूची भुकटी घालून व्हायचा. ती भुकटी ओली आहे तोवर गरीब गाय. गाळणीवर कोरडी पडली की हवा लागताच पेटते. एका दुपारी पेटली. गाळणीपाशी माझा दादा होता.

महिनाभरानं वहिनी कामावर निघाल्या. आई म्हणाली, "त्या जागेकडे बघवेल तरी का गं तुला?"

"तिथं आता दुसऱ्या कुणाचा तरी नवरा उभा असतो, आई," एवढंच त्या म्हणाल्या.

मग एन्झाइमचा ध्यास. यीस्टसारख्या जिवंत पेशींतली ही प्रथिनं. तेच क्षपण, म्हणजे पदार्थाला हायड्रोजन जोडण्याचं काम, पाण्यात करतात, हायड्रोजन साखरेतून घेतात. ना दाब, ना आग. "मॅडमनी कणीक भिजत घातली," असं कॅन्टीनमध्ये म्हणत. आणि खरंच, एन्झाइम कधी द्रावकात मरे, कधी अर्ध्यावर अडून बसे. साहेबांनी काम बंद करायला सांगितलं, की वहिनी पुन्हा त्यांच्या दारात उभ्या.

अखेर मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये अभिक्रिया पूर्ण झाली. खाली टाळ्या वाजत होत्या आणि वहिनी कुठं दिसेनात. वर गेलो, तर रिअ‍ॅक्टरच्या अंगावर तळहात टेकून उभ्या.

"हात लावून बघा, भावजी. नुसतं कोमट आहे."

मी हात लावला.

"एवढ्यानं भागत होतं हो," त्या म्हणाल्या, आणि तिथंच पायरीवर बसल्या. दादा गेल्यानंतर त्या रडल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढं ती शेड पाडली. गाळणीवरची माणसं आता संध्याकाळी धडधाकट घरी जातात.

संयोजकांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. दादाचा विषय काढायचा नाही, असं वहिनींनी सकाळीच मला बजावलं होतं. त्याला वगळून त्यांच्या कामाविषयी बोलणं मला जमलं नाही. सभेनं सांभाळून घ्यावं. वहिनी, तुम्हीही.