तीन आट्यांवरचं चाक

—नाही नाही, आवाजाचं सोडा हो ताई, आवाज म्हणजे आजार नव्हे, गाडी बिचारी बोंब मारतीये, वाचवा म्हणून. ‘काका, तेवढी खरखर बंद करून द्या’ म्हणे! करतो की — रेडिओ मोठा लावा, झाली बंद. बसा त्या स्टुलावर — थांबा, फडकं टाका आधी, ग्रीस आहे. आणि ही गाडी घेऊन तुम्ही आईला डायलिसिसला नेता? आठवड्यातून तीनदा? त्या उताराच्या रस्त्याने? मागच्या सीटवर आडवं करून? शाब्बास! उद्याही जायचंय? अहो, उद्याचं काय घेऊन बसलात, तुम्ही आज इथवर पोचलात कशा याचंच मला नवल वाटतंय.

इकडे या, बघा, घाबरू नका, चावत नाही. मूळची ही चार नटांची गाडी. कोणाला तरी हौस आली — तुमच्या मावसभावाला? बरं, मावसभावाला — की मोठे ब्रेक हवेत. घाला की, कोण नको म्हणतंय? चाक ज्याच्यावर बसतं ते जुनं हब काढलं, पाच नटांचं बसवलं, ही परातीएवढी डिस्क लावली, वर हा कॅलिपर. आणि मग चाक चढवायला गेले तर रिम कॅलिपरला घासते. घासणारच! रिमच्या पोटात जागा किती, कॅलिपर बाहेर येतोय किती, हे आधी मोजायचं असतं, पट्टी लावून, साधी शाळेतली पट्टी. मोजलं कोणी? कोणीच नाही. मग काय केलं — शी! हे बघा, हात लावून बघा — कॅलिपर कानशीने घासलाय. कॅलिपर! ज्याच्या जिवावर गाडी थांबते, तो खडबडीत खोबऱ्यासारखा किसून ठेवलाय. किळस येते हो, खरंच सांगतो, चाळीस वर्षं या धंद्यात घातली, पण असलं काही बघितलं की जेवण जात नाही मला.

आणि एवढं करूनही घासतंय म्हटल्यावर चाकाच्या मागे ही चकती सरकवली. स्पेसर म्हणतात हिला. आठ मिलिमीटर. स्पेसर वाईट असतो का? मुळीच नाही. मीही घालतो. पण चाक आठ मिलिमीटर बाहेर आलं तर नट ज्याच्यावर चढतो तो स्टडही आठ मिलिमीटर लांब घ्यायला नको? एवढी तरी अक्कल? बघा तुम्हीच, चार नट काढलेत, हा पाचवा. या नटाने स्टडवरचे कमीत कमी आठ आटे, म्हणजे आठ वेढे, पकडायला हवेत. मोजा. मोठ्याने मोजा, मला इथे उजेड कमी पडतो. एक… दोन… तीन… आणि हा — आला हातात. तीन! तीन आट्यांवर चाक लटकलंय आणि तुम्ही त्यात आईला घालून घाट उतरताय. थुंकावंसं वाटतं हो अशा कामावर. ज्याने केलं ना, त्याच्याच आईला बसव म्हणावं मागे, आणि सोड उतारावर गाडी.

कोणाचं काम असेल? मला ठाऊक आहे कोणाचं. पुढच्या चौकात तो नवा आलाय, गॉगल कपाळावर चढवून बसतो तो — त्याचंच. यांना हाताने नट फिरवायचा म्हणजे कमीपणा वाटतो. हवेची बंदूक लावली, टर्र्र, झालं. अरे, बंदुकीला काय कळतंय आटे किती धरले ते? ते बोटाला कळतं. आमच्या उस्तादांनी आम्हाला तीन महिने पान्याला हात लावू दिला नव्हता, नट बोटांनी चढवा, मोजा, मग पाना. ही बंदूक? ही आहे माझ्याकडे, हो. भिंतीवर दिसतीये ती माझीच. ट्रकबिक आला तर लागते. सगळीकडे नका बघू ताई, इकडे लक्ष द्या.

काय? नटावर पट्टा? असेल, पुसा त्या फडक्याने, ब्रेकची काजळी बसलीये. रंगाचा पट्टा आहे? अगं बाई — माफ करा, तोंडात येतं — म्हणजे वर सहीसुद्धा केलीये त्याने! हो, सहीच ती. आमच्यात नट आवळून झाला, पुन्हा तपासला, की नटावरून रिमवर ब्रशने एक रेघ ओढतात. म्हणजे हे मी बघितलंय, याला मी जबाबदार. आणि या नालायकाने तीन आट्यांवर रेघ ओढली! निर्लज्जपणा म्हणजे किती असावा माणसाच्या अंगात? पिवळा असेल, त्या पोराकडे पिवळा डबा आहे. नाही? नीट बघा. निळा असेल मग.

हिरवा.

हिरवा काय, कोणाकडेही असतो. दुकानात डबे काय कमी मिळतात? शटरकडे काय बघताय? रंगवलं शटर, उरला डबा, तो कोणी टाकून देतं का, मी तो… हं.

तो तुमचा मावसभाऊ — जाडजूड आहे? सारखा फोनवर? खोक्यात हब घेऊन आला होता, म्हणाला, काका, संध्याकाळपर्यंत हवी. मी म्हटलं होतं त्याला, लांब स्टड मागवावे लागतील, दोन दिवस लागतील — नाही. नाही म्हटलं. खोटं कशाला बोलू तुमच्याशी, तुमची आई बसते त्यात. मी काहीच म्हटलं नाही. मला वाटलं, पुरतायत आटे. वाटलं म्हणजे — कळतच नाही हो ताई. वर्ष झालं, बोटांच्या टोकांना काही कळत नाही. साखर आहे मला. डोळ्यांचंही तेच, डॉक्टर म्हणाला, काका, आता बारीक काम बंद. बंद! बंद करून काय करू, घरी बसून पंखा बघू? आमच्या हिलाही सांगितलेलं नाही. म्हणून ती बंदूक आणली. ट्रक कुठला येतोय इथे, गल्लीत वळतसुद्धा नाही. आणि कॅलिपर… कॅलिपर मीच घासला असेन. कानस माझीच. घासताना मला वाटत होतं, किती सफाईने चाललंय!

रागावू नका म्हणणार नाही मी. रागवा. शिव्या घाला, मघापासून मी घालतच होतो, तुम्हीही घाला. काय म्हणता? मग आता लांब स्टड घालून द्या? मी? अहो, तुम्हाला कळलं नाही का मी काय सांगितलं? नव्या स्टडवर नटाने आटे किती धरले हेही मला तुम्हालाच विचारावं लागेल. मी या चाकाला हात लावणार नाही. चौकातल्या त्या पोराला बोलवा, इथे येऊन करेल, गाडी हलवायची नाही. त्याचं काम… त्याचं काम चांगलं आहे. मी पाहिलंय, दोनदा जाऊन पाहिलंय, मुद्दाम, खोट काढायला. सापडली नाही. उद्या आईला टॅक्सीने न्या. माझं नाव सांगायचं तर सांगा त्याला, नाहीतर राहू द्या.

उभ्या का अजून? निघा, उशीर होतोय तुम्हाला. आता काय विचारायचं राहिलं?

या वर्षात आणखी किती गाड्या?

जा ताई तुम्ही. जा म्हणतो ना.